अर्ध्या टाकीचा कप्तान

वसंतभाऊ सल्ला देत नसले म्हणजे झोपलेले असत. झोपेतही त्यांचं बोट वर असतं, असं त्यांची बायको कुसुम सांगायची. आम्ही मोहोपाड्याच्या कॉलनीत भिंतीला भिंत लावून राहत होतो, आणि मधली भिंत अशी पातळ की त्यांच्याकडे लसणाची फोडणी पडली की ठसका आमच्याकडे लागायचा. त्यामुळे भाऊंनी जगाला दिलेले बहुतेक सल्ले मला न मागता मिळालेले आहेत.

ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. कुणी हातमोजे मागायला गेला की ते आधी त्याचे हात उलटेपालटे करून बघत आणि म्हणत, "अजून चालतील हे." मोजे चालतील की हात, ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती. एवढं मोठं गोदाम, त्यात मालाची चळत छताला लागलेली, पण भाऊ प्रत्येक वस्तू अशी देत जशी ती त्यांच्या कुसुमच्या मंगळसूत्रातून काढून द्यायची आहे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "अर्धं झालं की मागं फिरायचं." पिठाचा डबा अर्धा झाला की घरात भाकरी बंद आणि भात सुरू. पाताळगंगेत पोहायला उतरले तर पाणी कमरेला लागलं की काठाकडे तोंड. रसायनीला तंबूत सिनेमा लागला तेव्हा मध्यंतरात उठून आले आणि आम्हाला म्हणाले की पुढचं काय होणार ते कळलंच. आम्ही शेवटपर्यंत बसलो. त्यांनी सांगितलेलं त्यातलं काहीसुद्धा झालं नव्हतं.

भाऊ कुंभिवलीचे, खालच्या भातखाचरातले. कुसुम घाटावरची, मावळातली, आईबापांची एकुलती. दोन्हीकडचं बोलणं त्यांच्या घरात शेजारी शेजारी नांदायचं. भाऊ 'नाय' म्हणायचे, ती 'न्हाई' म्हणायची, आणि दोघांचं एकमत म्हणजे एवढंच. लग्न कुंभिवलीला झालं. मग मांडवपरतणीला नवी जोडी वर माहेरी निघाली. खोपोलीहून एसटी घाटाला लागली आणि पहिल्याच वळणाला जावईबापूंचं तोंड कोथिंबिरीच्या रंगाचं झालं. मध्यावर शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी हळू होते, लोक खिडकीतून पैसा टाकतात. भाऊंनी पैसा टाकला नाही, ते स्वतःच उतरले. उतरले ते खाली तोंड करून चालत खोपोलीला आले.

नवी नवरी गाडीत एकटी, मांडीवर दोघांच्या पिशव्या. माहेरच्या दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं विचारलं, जावई कुठायत? कुसुम म्हणाली, "मागच्या गाडीनं येत्यात."

ती मागची गाडी पुढे कितीतरी वर्षं आली नाही. कुसुम एकटी जायची, एकटी यायची. भाऊ तिला मोहोपाड्याच्या थांब्यापर्यंत सोडत आणि घाटात कुठल्या बाजूला बसावं ते समजावून सांगत.

अशा माणसाच्या हातात आकाश आलं, त्याची ही गोष्ट.

खालापूरला रफिकभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. ते आणि भाऊ शाळेपासूनचे दोस्त. रफिकभाईंचा भाऊ कुवेतला. एका सुट्टीत त्यानं तिकडून एक यंत्र आणलं. दिसायला टायपरायटरची चपटी बहीण. ते टीव्हीला जोडायचं, बाजूला टेपरेकॉर्डर लावायचा, की टीव्हीवर खेळ येतो. त्यांच्या घरी कुणाला त्याचा नाद लागला नाही. रफिकभाई भाऊंना म्हणाले, "घेऊन जा रं. माझा भाऊ परत येईपर्यंत तुझ्याकडं राहू दे. आमच्याकडं नुसती धूळ खातंय, तुझ्याकडं निदान सल्ला तरी खाईल."

खेळ अवकाशातला होता. टीव्हीवर मिट्ट काळोख, त्यात पांढरे ठिपके, आणि तो प्रत्येक ठिपका म्हणजे एक तारा. जिथं बोट ठेवावं तिथं जाता येतं. तारे संपतच नाहीत. एका ठिकाणाहून माल घ्यायचा, दुसऱ्या ठिकाणी नेऊन विकायचा, वाटेत चोर आले तर त्यांना गोळ्या घालायच्या, आणि जमेल तितकं लांब जायचं. मला खरं म्हणजे ते बघायला आवडायचं. मी दाराशी उभी राहून बघायची. रेषांनी काढलेलं एक विमान काळोखात हळूहळू वळतंय, आणि ठिपके बाजूनं मागे जातायत. पोटात कसंतरी व्हायचं. भाऊंच्या पोटात मात्र काही व्हायचं नाही. एसटीच्या नुसत्या वासानं आडवा होणारा माणूस आकाशात मांडी घालून बसलेला असायचा.

खेळ टेपमधून यंत्रात भरावा लागे. भरताना टेपातून असा आवाज निघायचा की कुणीतरी पत्र्यावर खिळा ओढतंय आणि वर मांजरीला ठेचतंय. तो चालू असताना आमच्या रांगेत कुणी मिक्सर लावायचा नाही, दिवे लावायचे नाहीत, असा भाऊंचा हुकूम होता. दिवा मिणमिणला की भरलेलं सगळं वाया. एकदा कुसुमनं त्याच वेळी चटणी वाटली. त्याच दिवशी तिला पाटा-वरवंटा आणून दिला. अवकाशयुगात आमच्या शेजारी पाटा परत आला तो असा.

प्रत्येक ताऱ्यापाशी एक भलंमोठं ठेसन असे. ते स्वतःभोवती गोल फिरायचं, आणि त्याला एक चिंचोळं दार. त्या दारातून विमान आत घालायचं. भाऊंनी पहिले कितीतरी दिवस विमान दारावर नेऊन फोडलं. फुटलं की म्हणत, "दार चुकीच्या जागी हाय." कारखान्यातली माणसं पाळी संपवून बघायला येत, सतरंजीवर बसत, आणि विमान फुटलं की एकमेकांकडे न बघता चहा पीत. मग एका रविवारी रफिकभाई आले. त्यांनी पहिल्याच खेपेला विमान अलगद आत नेलं.

"दरवाजा फिरतोय तर तू बी त्याच्यासंगं फिर ना," ते म्हणाले. "तू काय करतोयस?"

"थांबायची वाट बघतोय," भाऊ म्हणाले.

त्या दिवसापासून भाऊ कॉलनीत सगळ्यांना शिकवू लागले, की दार फिरत असेल तर आपणही फिरायचं, ही युक्ती आपण स्वतः शोधली. शिकवणी रोज संध्याकाळी असे. घाई करायची नाही. अनोळखी विमान दिसलं तर नजर द्यायची नाही. माल भरताना धान्य भरायचं, कारण धान्य कुठंही खपतं. सोनं-बिनं भरायचं नाही, डोळ्यावर येतं. आणि बोट वर करून, सगळ्यात महत्त्वाचं, पेट्रोल अर्धं झालं की मागं फिरायचं. त्या विमानात काय घालतात देव जाणे, भाऊ त्याला पेट्रोलच म्हणत.

या नियमानं ते किती लांब गेले असतील? सुरुवातीला जो तारा होता तिथून शेजारच्या ताऱ्यावर. तिथून परत. धान्य इकडून तिकडे, यंत्रांचे सुटे भाग तिकडून इकडे. ताऱ्यांची इंग्रजी नावं जिभेला वळत नव्हती म्हणून भाऊंनी पहिल्याला मोहोपाडा आणि दुसऱ्याला कर्जत म्हणायला सुरुवात केली. जिथं चोर फार, त्या तिसऱ्या ताऱ्याला बहिणीच्या सासरच्या गावाचं नाव दिलं आणि तिथं जायचं सोडलं. बाकीचं सगळं आकाश तसंच पडून होतं.

"आभाळात जाऊनबी कर्जतच," कुसुम आतून म्हणायची.

एकदा आमच्या घरचे खेळायला बसले. त्यांना नियम माहीत होते, पण पाळायची सवय नव्हती. त्यांनी विमान सरळ लांब सोडलं. एका ताऱ्यावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. एका ठिकाणी अख्खा पडदा भरून मोठा सूर्य आला आणि सतरंजीवरची माणसं पुढे सरकली. भाऊंना घाम फुटला. ते म्हणाले, अर्धं झालं, अर्धं झालं. आमचे हे म्हणाले, "होऊ द्या की. अवो, मागंच फिरायचं तर एवढे लांबचे ठिपके कशाला केलेत?"

"बघायला," भाऊ म्हणाले, आणि यंत्राची वायर काढली.

खेळात कुठवर आलो ते एका वेगळ्या कॅसेटवर साठवून ठेवता येई, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. धान्याच्या खेपा करकरून भाऊंनी जे काही मिळवलं होतं ते सगळं त्या एका कॅसेटवर होतं. विमानाला बसवलेल्या नव्या तोफा, भरलेली कोठारं, आणि खेळानं त्यांना दिलेली बढती. ती बढती मिळाली त्या संध्याकाळी भाऊंनी कॉलनीत पेढे वाटले. पेढे कशाचे, असं विचारलं की म्हणत, वरच्या हुद्द्याचे. आमच्या घरच्यांना वाटलं स्टोअरमध्ये साहेब झाले. स्टोअरमधली बढती त्याच महिन्यात दुसऱ्याला मिळाली होती. पण पेढे चांगले होते. तेव्हापासून कॉलनीनं त्यांना कप्तान म्हणायला सुरुवात केली, आणि त्यात टवाळी आहे हे कप्तानांना शेवटपर्यंत कळलं नाही. कॅसेट ते देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे ठेवत. कुसुम रोज पूजा करताना तिलाही फूल वाहायची. मी एकदा हसले तर म्हणाली, "हसतीस काय? घरात कमावतं तेवढंच हाय."

त्या वर्षी अधिक जेठ आला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवून, पाटावर बसवून धोंड्याचं जेवण घालायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुसुमच्या आईनं आजवरच्या प्रत्येक अधिकाला धोंडे आणि अनारसे डब्यात घालून खाली पाठवले. जावई घाट चढत नाही तर धोंडे घाट उतरायचे. डबा घेऊन गेनू यायचा, कुसुमच्या गावचा पोरगेला गडी. कारखान्यात रोजंदारीवर होता आणि दर रविवारी घरी जायचा. भाऊ डबा उघडून खात आणि गूळ किती लागला असता ते सांगत.

पण म्हातारीनं फाल्गुनात अंथरूण धरलं होतं. डोळ्यांनाही फारसं दिसत नव्हतं. या खेपेला गेनू डबा न घेता आला, नुसता निरोप घेऊन. यंदा डबा धाडणार नाही. पाट मांडीन, जावई बसला तर वाढीन. पुढल्या अधिकाला मी नसेन.

कुसुमनं तो निरोप भाऊंना जेवताना सांगितला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"घाट मला मानवत नाय गं," भाऊ म्हणाले. "तिलाच खाली आण."

"तिला उठून बसवत न्हाई."

"मग तू जाऊन ये. माझ्या नावचं तूच खा."

 यावर कुसुमनं ताट उचलल्याचा आवाज आला. अर्ध्या जेवणातून. नियम त्यांचाच होता.

दोनेक दिवसांनी आम्ही दोघी खालापूरला तहसील कचेरीपाशी बांगड्या भरायला गेलो होतो. येताना रफिकभाईंच्या घरी पाणी प्यायला थांबलो. त्यांची अम्मी ओटीवर टेपरेकॉर्डरसमोर बसून त्याला रागावत होती. तब्येत का सांगत नाहीस, आंब्याची पेटी मिळाली का, बायकोला फार कामाला लावू नकोस. कुवेतच्या मुलाला ती असंच बोलून कॅसेट धाडायची. तो दुसऱ्या बाजूला त्याचं बोलून परत पाठवायचा. लिहायला वाचायला कुणाला लागत नाही. अम्मीनं दोन्ही बाजू उलटून दाखवल्या. ही माझी, ही त्याची. कुसुम ते फार लक्ष देऊन बघत होती. परतीच्या वाटेवर तिनं बांगड्यांकडे एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेल्यावर तिनं मला हाक मारली. देव्हाऱ्यातून कॅसेट काढून टेपात घातली होती, कोरी बाजू वर करून.

"अगं, ह्यावर नको," मी म्हटलं. "कोरी आणू ना आपण."

"कोरी न्यायला कोण येईल, शांता?"

मग तिनं बटण दाबलं आणि आईशी बोलली. पाऊस अजून नाही, भेंडी लावली आहे, औषध घेत जा, असलंच. मधेच थांबायची, पदरानं तोंड पुसायची. सगळ्यात शेवटी म्हणाली की ही कॅसेट जपून ठेव, गेनूच्या हातीसुद्धा परत देऊ नको. ही न्यायला हे स्वतः येतील. त्या रविवारी गेनू कॅसेट घेऊन वर गेला. स्वतःच्या घरचा टेपरेकॉर्डरही त्यानं म्हातारीच्या उशाशी नेऊन ठेवला.

आणि त्याच रविवारी भाऊ आंघोळ करून, गंध लावून, यंत्रासमोर बसले आणि अन्नपूर्णेच्या मागे हात घातला.

"कुसुम, कॅसेट कुठं हाय?"

"आईकडं."

"कुणाच्या आईकडं?"

"माझ्या."

 मग भाऊ म्हणाले, "माझं विमान हाय त्यात."

"व्हय. विमान गेलं घाटावर. तुमच्या आधी."

पुढचे काही दिवस कॉलनीनं फार सुखात घालवले. कप्तान दारोदार फिरत होते. गेनूला म्हणाले, तू आण. गेनू म्हणाला, "आजी देत न्हाई. जावयाच्या हातात दीन म्हणती." रफिकभाईंकडे गेले तर ते म्हणाले, दुकान सोडून सासुरवाडीला जाऊ, तेही तुझ्या? आमच्या घरच्यांना तर त्याच आठवड्यात एवढ्या पाळ्या लागल्या की त्यांनाच आश्चर्य वाटलं. भाऊंनी खेळ पहिल्यापासून सुरू करून पाहिला. साधं विमान, एक बारकी तोफ, रिकामं कोठार. ते पहिल्याच दारावर फुटलं. दार चुकीच्या जागी होतं.

अधिक महिना उतरणीला लागला तसे भाऊ एका सकाळी म्हणाले, "बरं, चल."

कुसुमनं मला बरोबर घेतलं. मला लाज वाटत होती, लोकांच्या धोंड्याला मी कशाला. ती म्हणाली, "हे मधेच उतरले तर मला वरपर्यंत सोबत नको का?" मी निघाले, कारण ती थट्टेत म्हणत नव्हती.

भाऊंची तयारी बघण्यासारखी होती. एका हातात लिंबू, एका हातात सुंठेची पुडी, सदऱ्याच्या आत पोटावर वर्तमानपत्राची घडी. खोपोलीच्या स्टँडवर ठाकरणी पानांच्या द्रोणात करवंदं विकत होत्या. भाऊंनी त्यांनाही सांगितलं की करवंदं रिकाम्या पोटी विकू नयेत. गाडीत बसल्यावर मात्र त्यांचं बोलणं बंद झालं. पुढच्या आसनाचा दांडा दोन्ही हातांनी धरून ते समोर बघत बसले, जसे टीव्हीसमोर बसत. फक्त इथं ठिपके नव्हते. डोंगर होता आणि तो खरोखर वळत होता.

शिंग्रोबापाशी गाडी नुसती हळू झाली नाही, थांबली. ऊन कडक, इंजिन तापलं होतं. ड्रायव्हर खाली उतरून पाणी ओतू लागला. भाऊ उठले आणि उतरले. कुसुमनं मान वळवली नाही. तिच्या मांडीवर दोघांच्या पिशव्या होत्या.

मी खिडकीतून बघत होते. भाऊ कठड्यापाशी गेले, वाकले, जे व्हायचं ते झालं. तोंड पुसून तिथंच उभे राहिले. खाली खोपोलीची धुराडी दिसत होती, पलीकडे आपल्याकडची सपाटी, पेरणीसाठी भाजून काळी केलेली शेतं. तेवढ्यात वरून एक गाडी उतरत आली आणि तीही देवळापाशी थांबली. तिचा कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "खोपोली, खोपोली." दार भाऊंच्या अगदी समोर आलं. आणि ते दार फिरतही नव्हतं.

भाऊंनी त्या गाडीकडे बघितलं. मग आमच्या ड्रायव्हरकडे गेले. तो झाकण लावत होता.

"पेट्रोल किती हाय?" त्यांनी विचारलं.

"डिझेल असतं, दादा."

"पण अर्ध्याच्या वर हाय का?"

"हाय की. पुण्यापर्यंत पुरंल. बसा."

भाऊ येऊन बसले. खोपोलीची गाडी निघून गेली. कुसुमनं समोर बघतच आसनावर राहिलेलं लिंबू त्यांच्याकडे सरकवलं. गाडी वरच्या वळणाला लागली. तिथून पुढचा रस्ता भाऊंनी त्याआधी कधीच पाहिला नव्हता.

घर एका खणाचं, दारात जांभळीचं झाड. म्हातारीला आत भिंतीला टेकवून बसवलं होतं. पावलं वाजली तशी तिनं मान वर केली.

"कोण गं? कुसुम? मागची गाडी आली व्हय?"

"आली," कुसुम म्हणाली.

गेनूच्या बायकोनं धोंडे करून ठेवले होते. पाट मांडला, रांगोळी ओढली. म्हातारीला धरून आणलं, तिनं चाचपडत जावयाच्या कपाळाला कुंकू लावलं. ते अर्धं भुवईवर गेलं. भाऊंनी पुसलं नाही. पहिला धोंडा तिनं स्वतःच्या हातानं वाढला. मी भाऊंच्या तोंडाकडे बघत होते, आता गुळाचं काहीतरी बोलणार म्हणून. बोलले नाहीत. मुकाट्यानं खाल्ला. दुसराही अर्धा झाला. मग त्यांची नजर म्हातारीच्या उशाकडे गेली. तिथं टेपरेकॉर्डर होता, आणि आत कॅसेट.

म्हातारीला बहुधा ते कळलं. ती म्हणाली, "हाय, जपून ठेवलीया. रोज ऐकते. एका अंगाला लेक बोलती, दुसऱ्या अंगाला तुमी."

कुसुमनं माझ्याकडे बघितलं. आमच्या दोघींच्या ध्यानात हे आलंच नव्हतं. म्हातारीनं गेनूच्या बायकोला खूण केली, तिनं कॅसेट उलटी करून बटण दाबलं.

पत्र्यावर खिळा ओढल्याचा आवाज खोलीत भरला. मांजर ठेचल्याचा. गेनूची बायको पदर सावरून अदबीनं उभी राहिली. तिला तो आवाज सवयीचा झालेला दिसत होता. म्हातारी डोळे मिटून, मान हलवत ऐकत होती. दारातली कोंबडी उठून बाहेर गेली. आणि कप्तान पाटावर, भुवईवर कुंकू, हातात अर्धा धोंडा, स्वतःच्या विमानाचं ओरडणं खाली मान घालून ऐकत होते.

आवाज थांबला.

"मला अडाण्याला त्यातलं काय कळत न्हाई, जावईबापू," म्हातारी म्हणाली. "कारखान्यातल्या लोकांची बोली असंल. पण रोज ऐकते. इतक्या वर्षांत तुमी पयल्यांदा बोललात. काय सांगितलंत त्यात?"

भाऊंनी कुसुमकडे पाहिलं. कुसुम वाढायचा पळा हातात धरून उभी होती. सल्ला देणाऱ्या माणसाला उत्तर शोधताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"येतो म्हणालो होतो," भाऊ म्हणाले.

"एवढा वेळ?"

"लांबनं बोलत होतो ना."

म्हातारी हसली. तोंडात दात नव्हते. कुसुमनं न विचारता भाऊंच्या ताटात तिसरा धोंडा टाकला, जरा जोरातच.

निघताना म्हातारीनं कॅसेट काढून जावयापुढे धरली, ठरल्याप्रमाणे. भाऊंनी हात पुढे केला, कॅसेट घेतली, आणि पुन्हा टेपात घातली. "राहू द्या," म्हणाले. "मी परत येतो तेव्हा नेईन." मग न राहवून त्यांनी सांगितलं की ऐकताना आवाज जरा बारीक ठेवावा, टेप लवकर झिजत नाही.

आता कुणी म्हणेल की माणूस बदलला. कुठला बदलतो. उतरताना त्याच देवळापाशी गाडी थांबवावी लागली. आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊ घाट कसा चढावा यावर कॉलनीत शिकवणी घेऊ लागले. श्रोत्यांमध्ये गेनूही असायचा, जो दर आठवड्याला घाट चढत होता. कुवेतचा भाऊ आला आणि यंत्र परत गेलं, तरी कप्तान हे नाव काही गेलं नाही.

ते आणखी दोनदा वर गेले. एकदा दिवाळीला. दुसऱ्यांदा म्हातारीच्या दहाव्याला. त्या वेळी लिंबू घ्यायचं विसरले होते, आणि शिंग्रोबाला उतरले नाहीत, असं कुसुमनं सांगितलं. येताना तिनं कॅसेट आणली. भाऊंनी ती रफिकभाईंकडे नेली. यंत्र तिथंच होतं. त्यांनी कॅसेट घालून पाहिली. यंत्रानं ती घेतली नाही. रफिकभाईंनी पेचकसानं खटपट केली, टेपचं हेड पुसलं, परत घातली. मग कॅसेट उजेडाकडे धरून म्हणाले, "कुसुमभाभीची बाजू बरी हाय रं. तुझीच बाजू जास्त झिजलीय."

भाऊंनी ती घरी आणून पुन्हा अन्नपूर्णेच्या मागे ठेवली.

पुढे आमच्या घरच्यांची नोकरी संपली आणि आम्ही गावाकडे निघालो. सामानाचा टेंपो दारात उभा होता. कुसुमनं मला खण दिला आणि आत निघून गेली, तिला निरोप घेता यायचा नाही. भाऊ मात्र सकाळपासून टेंपोभोवती फिरत होते. दोऱ्या ओढून पाहिल्या, कपाट कुठं ठेवायला हवं होतं ते सांगितलं. मी ड्रायव्हरशेजारी चढून बसले तर खिडकीतून एक लिंबू आत आलं. मग ते वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि बोट वर केलं.

"हे बघ, लांबचा रस्ता हाय. पेट्रोल अर्धं झालं की..."

"अर्धंच भरलंय, काका," ड्रायव्हर म्हणाला, आणि टेंपो सुरू केला.

मी मागे वळून पाहिलं. धुरात वसंतभाऊ उभे होते, बोट तसंच वर.